दीड इंच

जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचण्याचा छंद तसा निरुपद्रवी. घ्यायचं काही नसतं, त्यामुळे घासाघीसही नसते. इंग्लंडमधल्या अशा जाहिरातींत एक गाडी हटकून भेटते. एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी, लांब नाकाची, जमिनीला पोट लावून निघालेली. तिच्या जाहिरातीची भाषाही आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींसारखी ठरलेली आहे. तिथे 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष'. इथे 'क्रोम बंपर, वायर व्हील्स, ओव्हरड्राइव्ह, हेरिटेज शेल, जुन्या बिलांची फाईल सोबत'.

या जाहिरातींत एक कोडं आहे. १९७३ची गाडी आणि १९७८ची गाडी शेजारीशेजारी विकायला उभ्या केल्या आणि दोघींची तब्येत सारखीच असली, तर पाच वर्षांनी म्हातारी असलेली सहसा जास्त भाव खाते. जुन्या वस्तूंच्या बाजारात यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. पण इथे भावाची रेघ एका नेमक्या जागी ओढलेली आहे : १९७४चा शरद ऋतू. रेघेच्या अलीकडे चकचकीत पोलादी बंपर, पलीकडे काळे रबरी. आणि पलीकडच्या गाड्या जमिनीपासून दीड इंच जास्त उंच.

हा दीड इंच कुठून आला ते सांगायचं तर सुरुवात ऑक्सफर्डच्या एका गॅरेजपासून करावी लागते. पुढचा बराचसा भाग मात्र अमेरिकेत घडतो.

०००

विल्यम मॉरिस सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवू लागला आणि पुढे लॉर्ड नफील्ड झाला. ऑक्सफर्डमधल्या त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या धंद्याचं नाव मॉरिस गॅरेजेस. एम आणि जी ही अक्षरं तिथली. १९२२मध्ये या धंद्याचा कारभार सेसिल किंबरच्या हाती आला. किंबरने एक गोष्ट हेरली. मॉरिसच्या गाड्या भरवशाच्या होत्या, पण दिसायला अगदीच पापभीरू. त्याच चासीवर देखणी बॉडी चढवली, गाडी जरा खाली बसवली, इंजिनावर थोडा हात फिरवला की तोच माल चढ्या भावाने खपत होता. अष्टकोनात बसवलेली एमजी ही अक्षरं अशा गाड्यांवर झळकू लागली.

जागा पुरेना म्हणून १९२९मध्ये बिऱ्हाड ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, काही मैलांवरच्या अ‍ॅबिंग्डन गावी हललं. तिथे कातड्याच्या एका कारखान्याची इमारत मिळाली. त्याच वर्षी ८४७ सीसीची, १७५ पौंडांची एम-टाइप मिजेट बाजारात आली. स्पोर्ट्स कार म्हणजे सरदार-दरकदारांचा नाद, ही समजूत या चिमुकल्या गाडीने मोडायला घेतली. किंबरच्या साऱ्या धंद्याचं मर्म त्यात होतं : आतले भाग रोजच्या घरगुती गाडीचे, म्हणून स्वस्त, बाहेरचा थाट शर्यतीचा. हा थाट अगदी पोकळही नव्हता. १९३३मध्ये एमजीच्या के-३ गाड्यांनी इटलीतल्या मिले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत संघाचं बक्षीस पटकावलं.

मॉरिसला मात्र शर्यतींत राम वाटत नव्हता. १९३५मध्ये त्याने एमजी आपल्याच मोठ्या कंपनीत विलीन केली आणि शर्यतींचा विभाग बंद झाला. किंबर नावापुरता राहिला. महायुद्धात, १९४१मध्ये, वरिष्ठांना न विचारता युद्धकामाचं कंत्राट घेतल्याचं निमित्त झालं आणि त्यालाही बाहेरची वाट दाखवण्यात आली. फेब्रुवारी १९४५मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघालेली एक रेल्वेगाडी बोगद्यातल्या चढावर मागे घसरली आणि शेवटचा डबा उलटला. मोजकीच माणसं दगावली, त्यांत किंबर होता. ज्या गाडीने त्याचं नाव समुद्रापार नेलं, ती त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडली. त्याने ती पाहिली नाही.

०००

१९४५चा इंग्लंड म्हणजे जिंकलेला आणि कफल्लक झालेला देश. अमेरिकेचं कर्ज डोक्यावर, धान्य रेशनवर, पेट्रोल रेशनवर. पोलादसुद्धा मोजून मिळे आणि त्याचं माप सरकारने निर्यातीशी जोडून टाकलं होतं. जो कारखानदार माल परदेशी पाठवील, त्याला पोलाद. जो घरच्या गिऱ्हाइकाचं कौतुक करत बसेल, त्याने हात चोळत बसावं. परदेशी म्हणजे शक्यतो डॉलरच्या देशी, कारण कर्ज डॉलरमध्ये फेडायचं होतं.

अ‍ॅबिंग्डनकडे पाठवायला होतं काय? युद्धापूर्वीच्या आराखड्यावर बेतलेली टीसी नावाची गाडी. लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, एकोणीस इंची तारांची चाकं, १२५० सीसीचं ५४ अश्वशक्तीचं इंजिन. दाराला काचा नाहीत, पावसात लावायचे पडदे. हीटर नाही. आणि स्टिअरिंग फक्त उजवीकडे. एकूण सुमारे दहा हजार टीसी बनल्या. सगळ्या उजव्या हाताच्या. त्यांतल्या साधारण दोन हजार अमेरिकेत गेल्या, जिथे सगळा देश डावीकडे बसून गाडी हाकत होता.

अमेरिकनांनी ती का घ्यावी? त्यांच्याकडे तेव्हा मऊ गादीच्या, आठ सिलिंडरच्या, बैठकीच्या खोलीएवढ्या मोटारी होत्या. पण बैठकीच्या खोलीतून वळण घेण्यात मजा नसते. युद्धात इंग्लंडमध्ये राहून आलेल्या तरुण सैनिकांनी तिथल्या गल्लीबोळांतून पळणाऱ्या या गाड्या पाहिल्या होत्या. १९४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात युद्धोत्तर काळातली पहिली मोठी रस्त्यावरची शर्यत झाली, तेव्हा सुरुवातीच्या रांगेत टीसींची गर्दी होती. कॅलिफोर्नियातला फिल हिल नावाचा पोरगा टीसी घेऊन शर्यतींत उतरला आणि १९६१मध्ये फेरारी चालवत जगज्जेता झाला.

मग सप्टेंबर १९४९मध्ये ब्रिटिश सरकारने पौंडाचं अवमूल्यन केलं. काल चार डॉलरला मिळणारा पौंड आज दोन डॉलर ऐंशी सेंटला. इंग्लंडमधल्या गृहिणीसाठी हे संकट होतं, अ‍ॅबिंग्डनसाठी घबाड. त्याच हिवाळ्यात टीडी ही नवी गाडी आली, या वेळी डाव्या हाताचं स्टिअरिंगही घेऊन. चार वर्षांत २९,६६४ टीडी बनल्या आणि त्यांतल्या सुमारे तेवीस हजार अमेरिकेत खपल्या. एमजीचं नशीब इथून पुढे पौंड-डॉलरच्या दराला बांधलं गेलं. त्या वेळी हे बंधन कुणाला काचलं नाही, कारण दोर सैल होता.

०००

१९५२मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या दोन जुन्या वैऱ्यांचं लग्न लागून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. त्या घराचा कर्ता लेनर्ड लॉर्ड. अ‍ॅबिंग्डनचा सिड एनेव्हर याने एक नवी, गोलाईदार, वारा कापणारी गाडी कागदावर उतरवली होती, पण लॉर्डने नुकताच डॉनल्ड हीलीशी त्याच्या स्पोर्ट्स कारचा करार केला होता. एका घरात दोन लाडकी पोरं कशाला, म्हणून एमजीचा आराखडा बासनात गेला. जुन्या टीडीचाच चेहरामोहरा बदलून टीएफ काढली, ती अमेरिकेत पडून राहू लागली, तेव्हा आराखडा बासनातून बाहेर आला. १९५५च्या सप्टेंबरमध्ये ती गाडी एमजीए म्हणून विक्रीला आली. सात वर्षांत १,०१,०८१. त्यांपैकी मायदेशी विकल्या गेल्या जेमतेम ५,८६९. इंग्रजी गाडी म्हणावी आणि इंग्लंडमध्ये शोधावी लागावी, अशी ही गंमत.

इथे जरा आपल्या रस्त्यावर येऊ. एमजीएचं इंजिन होतं बी-सीरीज, १४८९ सीसी. किंबरचं सूत्र चालूच होतं : इंजिन घरगुती गाड्यांचं, फक्त कार्बोरेटर दोन. हेच बी-सीरीज १४८९ मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळातून हिंदुस्तान मोटर्सकडे आलं आणि आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसलं. मंत्रालयाच्या पोर्चमध्ये एके काळी उभी राहणारी लाल दिव्याची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टप उघडून पळणारी एमजीए ही सख्खी चुलत भावंडं आहेत. एकाने सरकारी नोकरी धरली, दुसरं सिनेमात गेलं.

एमजीबी १९६२च्या सप्टेंबरमध्ये आली. तिच्यात तेच इंजिन १७९८ सीसीपर्यंत वाढवलेलं होतं. ९५ अश्वशक्ती, ताशी शंभर मैलांच्या वर वेग, करांपूर्वी किंमत ६९० पौंड. दाराला खऱ्याखुऱ्या, खालीवर होणाऱ्या काचा. पाय पसरता येतील इतकी जागा. डॉन हेटरने बेतलेलं तिचं अंग असं काही जमून आलं होतं की साठ वर्षांनंतरही त्यात एखादी रेघ फालतू वाटत नाही.

मोठा बदल डोळ्याला दिसत नव्हता. आतापर्यंत एमजीला खाली वेगळी चासी असे, बैलगाडीच्या साटीसारखी, वर बॉडी. एमजीबीत ती चासी गेली. पत्र्याच्या पेट्या जोडून बॉडीच इतकी ताठ केली की तिनेच सगळं ओझं पेलावं. यात वजन वाचतं, जागा वाचते. पण उघड्या टपाच्या गाडीला वर छप्पर नसतं, म्हणजे वरून बांधून धरणारं कुणी नाही. सगळा ताण दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर येतो. या पट्ट्यांना सिल म्हणतात. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर उडून सिलच्या पोटात साठतं आणि आतून गंज धरतो. वरून रंग चकचकीत, आत चाळणी. आजच्या जाहिरातीतल्या निम्म्या शब्दांचा उगम या दोन पट्ट्यांत आहे.

अ‍ॅबिंग्डनचा कारखानाही वेगळ्या तब्येतीचा होता. बॉडी स्विंडनहून येई, इंजिन कॉव्हेन्ट्रीहून. इथे फक्त जुळणी. आणि ती करताना सरकता पट्टा नव्हता. गाडी एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत नेत. ऑस्टिन-हीलीच्या गाड्याही इथेच जुळत आणि अ‍ॅबिंग्डन हा स्पोर्ट्स कारचा जगातला सगळ्यात मोठा कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला. सत्तरच्या दशकात ब्रिटनचे मोटार कारखाने संपांनी खिळखिळे झाले, तेव्हा इथलं वातावरण त्या मानाने शांत होतं. बाप-लेक, भाऊ-भाऊ एकाच कामावर असत. सगळ्यांचे वरिष्ठ दूरच्या शहरांत बसत. कदाचित तेही शांततेचं एक कारण असेल.

१९६३च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचेसन यांनी एमजीबी उतरवली. सुरुवातीलाच हचेसनने ती वळणावर वाळूत घातली आणि सुमारे दीड तास हाताने वाळू उपसत बसला. तरीही गाडी बारावी आली. एमजीबी कधीच सगळ्यात वेगवान नव्हती. ती थांबत नसे, हे तिचं वैशिष्ट्य. विजेचे भाग मात्र याला अपवाद. ते ल्यूकस कंपनीचे असत आणि इंग्रज मोटारवाले या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. कारण दिवे.

०००

१९६५मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने अमेरिकी मोटारी माणसं कशा मारतात यावर एक पुस्तक लिहिलं. ते गाजलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोटार-सुरक्षेचा कायदा केला. १ जानेवारी १९६८पासून त्या देशात विकायच्या गाडीला नवे नियम लागू झाले : अपघातात छातीत न घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या दोन स्वतंत्र नळ्या, धूर कमी करणारी यंत्रणा. एमजीबीच्या देखण्या डॅशबोर्डवर फुगीर काळी गादी आली. चेष्टेखोरांनी तिला 'अ‍ॅबिंग्डनची उशी' म्हटलं. नियमांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास माणसं मरत होती.

प्रश्न असा की उत्तर काय द्यायचं. नवे नियम पोटात घेणारी नवी गाडी बनवायची, की जुनीलाच ठिगळं लावायची? १९६८मध्येच कंपनी पुन्हा एका विलीनीकरणात गेली आणि ब्रिटिश लेलँड नावाचा अगडबंब कारभार उभा राहिला. त्यात लेलँडच्या माणसांचा वरचष्मा, आणि लेलँडची स्वतःची स्पोर्ट्स कार होती ट्रायम्फ. पुन्हा दोन लाडकी पोरं. या वेळी निकाल ट्रायम्फच्या बाजूने लागला.

त्यात आणखी एक घोळ. अमेरिकेत उघड्या टपाच्या गाड्यांवरच बंदी येणार, अशी धास्ती त्या वर्षांत सगळ्यांनी घेतली होती. लेलँडने आपली नवी गाडी, ट्रायम्फ टीआर-७, त्या धास्तीने बंद टपाची आखली. बंदी आलीच नाही. १९७२मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या एका निकालाने उघड्या गाड्यांवरची टांगती तलवार दूर झाली. तोवर टीआर-७चं गाडं पुढे गेलं होतं. १९७५मध्ये ती आली, पाचरीसारख्या आकाराची, आणि उघड्या टपासाठी गिऱ्हाईक ज्या म्हाताऱ्या एमजीबीकडे वळत होतं तिला नवा पैसा द्यायला तिजोरीत काही उरलं नव्हतं. दरम्यान जपानच्या डॅटसनने २४०-झेड आणली होती. सहा सिलिंडर, रोज सकाळी निमूट सुरू होणारी, किंमत आवाक्यातली.

एमजीबीचा खप तरीही पडला नाही. १९७२मध्ये एका वर्षात ३९ हजारांवर गाड्या निघाल्या, हा तिचा उच्चांक. वरच्यांना वाटलं असणार, खपतेय तर खपू दे.

आता तो दीड इंच. बंपरचे अमेरिकी नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. ताशी पाच मैलांनी आदळल्यावर दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत आणि बंपर ठरावीक उंचीवर असला पाहिजे, म्हणजे एका गाडीचा बंपर दुसरीच्या बंपरलाच लागेल. एमजीबीचं नाक मुळातच खाली. नवी गाडी असती तर नाकाची उंची नव्याने ठरवता आली असती. इथे पैसा नव्हता, म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय केला गेला : पोलादी सांगाड्यावर काळ्या पॉलियुरेथेनचे जाडजूड बंपर चढवले आणि स्प्रिंगांच्या बाजूने गाडीच दीड इंच वर उचलली. १९७४च्या शरदापासून सगळ्या एमजीबी अशाच निघू लागल्या. मायदेशातल्यासुद्धा, कारण दोन तऱ्हा बनवणं परवडत नव्हतं. वर पैसे वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. वळणावर ओणवी होणारी ही गाडी आणि दोन वर्षांपूर्वीची गाडी यांचं नाव एकच होतं.

इंजिनाचीही तीच गत. धुराचे नियम पाळण्यासाठी अमेरिकी गाडीला दोन कार्बोरेटरांऐवजी एकच, तोही वेगळ्या जातीचा, बसवला गेला. शक्ती ९५वरून पासष्टच्या आसपास उतरली. वजन वाढलेलं. १९६२ची गाडी तिला सहज मागे टाकू शकत होती.

आणि तरीही अमेरिकन ती घेतच होते, कारण तिच्या किमतीत उघड्या टपाची दुसरी गाडी फारशी उरलेलीच नव्हती. काही अंशी कारण तेच जुनं : पौंड स्वस्त होता. १९७६च्या संकटात तो पावणेदोन डॉलरच्याही खाली गेला.

०००

१९७५मध्ये लेलँड बुडायला आली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. १९७७मध्ये मायकेल एडवर्ड्झ अध्यक्ष झाले. कारखाने बंद करणं हेच त्यांचं काम होतं. त्यासाठीच त्यांना आणलं होतं. त्याच वेळी उत्तर समुद्रात तेल लागल्याचं फळ दिसू लागलं. तेलवाल्या देशाचं चलन म्हणून पौंड चढू लागला. १९७९मध्ये मार्गारेट थॅचर यांचं सरकार आलं, व्याजदर वाढले, पौंड आणखी चढला.

हिशेब साधा आहे. समजा, अमेरिकेत एक गाडी सहा हजार डॉलरला जाते. पौंड एक डॉलर सत्तर सेंटचा असेल तर इंग्लंडमध्ये हातात साडेतीन हजार पौंड पडतात. पौंड सव्वादोन डॉलरकडे सरकला की त्याच गाडीचे जेमतेम पावणेसत्तावीसशे. पत्रा तोच, मजुरी तीच, उलट महागाईने वाढलेली. कंपनी म्हणू लागली की अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक एमजीबीमागे नऊशे पौंडांचा तोटा होतोय. हा आकडा फुगवलेला आहे असं एमजीवाले तेव्हाही म्हणत होते. आकडा काहीही असो, दिशा खरी होती. १९४९मध्ये सैल असलेला दोर आता ताणला होता.

सप्टेंबर १९७९मध्ये अ‍ॅबिंग्डनमध्ये जत्रेचा माहोल होता. एमजी गावात आल्याला पन्नास वर्षं झाली होती. आठवडाभर कार्यक्रम, शनिवारी गावातून मिरवणूक, जुन्या-नव्या गाड्या, झेंडे, बँड. सोमवारी, १० तारखेला, लेलँडने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बारशाच्या पेढ्यांचे कागद उचलायच्या आत मयताची चिठ्ठी यावी तसं. वेळ मुद्दाम साधली नसेल, मोठ्या कंपन्यांत अशी गोष्ट मुद्दाम साधण्याइतपत कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. पण अ‍ॅबिंग्डन तो सोमवार विसरलं नाही. त्याला तिथे 'काळा सोमवार' म्हणतात.

मग जे व्हायचं ते झालं. एमजीवाल्यांनी लंडनमध्ये गाड्यांचा मोर्चा काढला, सह्यांचं निवेदन नेऊन दिलं. अ‍ॅस्टन मार्टिनचे अ‍ॅलन कर्टिस यांनी भागीदार जमवून कारखाना विकत घेण्याची तयारी दाखवली; महिनोन्महिने बोलणी चालली आणि १९८०च्या उन्हाळ्यात पैशांअभावी मोडली. पौंड तेव्हा दोन डॉलर चाळीस सेंटच्या आसपास होता. त्या दराने अमेरिकेसाठी स्पोर्ट्स कार बनवायला पैसे घालणारा माणूस शहाणा ठरला असता का, शंका आहे. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी हाताने ढकलत दाराबाहेर नेली गेली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक.

दोष कुणाचा? पौंडाचा म्हटलं तर चूक नाही, पण पौंड शेवटी आला. १९६८ ते १९७९ या अकरा वर्षांत या गाडीला नवा अवतार मिळाला असता, चांगलं इंजिन मिळालं असतं, तर तिची किंमत वाढवून दराचा धक्का काही प्रमाणात पचवता आला असता. म्हातारीची किंमत वाढवता येत नव्हती. स्वस्तपणा हाच तिचा शेवटचा गुण उरला होता. दुसरी बाजूही आहे. लेलँडच्या प्रवासी गाड्याच इतक्या तोट्यात होत्या की स्पोर्ट्स कारवर पैसा घालणं म्हणजे घराला आग लागली असताना तुळशीवृंदावन रंगवण्यासारखं झालं असतं. एडवर्ड्झ यांनी दोर कापला. पण तो बांधला त्यांच्या आधीच्या तीन पिढ्यांनी.

०००

बाजारातली जागा काही वर्षं रिकामी राहिली. ती भरली जपानच्या माझ्दाने. १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आली : दोन माणसांची, उघड्या टपाची, स्वस्त, आतले बरेच भाग घरगुती गाड्यांच्या कुळातले. किंबरचंच सूत्र, फक्त तेल न गळणारं. २०१६पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. अ‍ॅबिंग्डनने अठरा वर्षांत जे गिऱ्हाईक तयार केलं होतं, ते हिरोशिमाला मिळालं.

एमजीबीला मात्र मरण आलं नाही. रस्त्यावर लाखो होत्या आणि सगळ्यांचे सिल गंजत होते. १९८८मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने साचे शोधून काढून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी पुन्हा बनवायला घेतली. जाहिरातीतला 'हेरिटेज शेल' तो हा : म्हणजे गाडी १९७१ची, पण तिचा पत्रा त्यानंतरचा. आजोबांची कुऱ्हाड, दांडा दोनदा बदललेला, पातं एकदा. या नव्या बॉडीमुळे लेलँडच्या वारसदार रोव्हर कंपनीला सुचलं की पूर्ण गाडीच काढावी. १९९२ ते १९९५ मध्ये तिने आरव्ही-८ नावाच्या सुमारे दोन हजार गाड्या बनवल्या. त्यांतल्या बहुतांश कुठे गेल्या? जपानला.

पुढची वंशावळ झरझर सांगतो. रोव्हर गेली बीएमडब्ल्यूकडे, २०००मध्ये तिथून दहा पौंडांच्या नाममात्र किमतीला सुटली, २००५मध्ये बुडाली. एमजी हे नाव चीनच्या नानजिंग कंपनीने घेतलं आणि ती शांघायच्या सैक कंपनीत विलीन झाली. सैकने जनरल मोटर्सचा गुजरातमधला हालोलचा कारखाना घेतला आणि २०१९मध्ये तिथून हेक्टर बाहेर पडली. आता त्या कंपनीत मुंबईच्या जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंच, जाडजूड गाड्यांच्या नाकावर जो अष्टकोन दिसतो, तो ऑक्सफर्डच्या दुकानातून असा फिरत आलाय. २०२५मध्ये त्याच नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची, विजेवर पळणारी सायबरस्टर भारतात विक्रीला आली. ती चीनमध्ये बनते.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना पाडला गेला. एमजी कार क्लबची कचेरी मात्र जुन्या कारखान्याला लागूनच आहे. रस्त्याचं नाव सेमेटरी रोड.

एमजीबी विकत घ्यायला जाणाऱ्याला जाणती माणसं एक युक्ती सांगतात. सिलवरचा रंग बघू नका, तो कुणीही मारतो. दाराच्या मागे जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून बघा. सहज उघडलं, सहज लागलं, तर बोलणी करा. दार अडकलं तर सिल आतून गेलेत. गाडी मधोमध वाकतेय. हसून नमस्कार करावा आणि चहा न घेता निघावं.

आणि जाहिरातीत कधीकधी आणखी एक ओळ असते : '१९७७, क्रोममध्ये बदललेली, खाली बसवलेली'. रबरी बंपर उतरवून पोलादी चढवायचे, नाकावर नवी जाळी, पुढचे-मागचे भाग कापून-जोडून नीट करायचे, स्प्रिंगा बदलायच्या. यासाठी लागणारा सगळा माल तयार मिळतो. शनिवार-रविवार खर्चून, हात काळे करून, बायकोची बोलणी खाऊन माणसं आपापल्या गॅरेजात अमेरिकी सरकारचा तो दीड इंच कमी करत असतात. हल्ली काहीजण उलटही करतात. काळा बंपर तसाच ठेवतात, पुसून चकचकीत करतात आणि जाहिरातीत लिहितात : 'मूळ रबर, छेडछाड नाही'.